त्रेपन्न कोटी वेळा एकच कोंबडा

श्राद्धाला आपण तीन पिढ्यांची नावं घेतो. वडील, आजोबा, पणजोबा. त्यापलीकडचं नाव विचारलं तर बहुतेक घरांत शांतता पसरते. आता हीच वंशावळ कोंबडीच्या एका पिल्लाची मांडून बघू. आईबाप दोन. आजे-आज्या चार. पणजे-पणज्या आठ. दहाव्या पिढीत पूर्वजांच्या जागा होतात १,०२४. विसाव्या पिढीत १०,४८,५७६. तिसाव्या पिढीत १,०७,३७,४१,८२४, म्हणजे एकशे सात कोटींहून जास्त.

माणसाच्या तीस पिढ्या मागे गेलं की आपण ज्ञानेश्वरांच्या काळात पोचतो. कोंबडीचं तसं नाही. तलंग सहा महिन्यांत अंड्यावर येते, आणि पिढीला एक वर्ष धरलं तर तीस पिढ्या म्हणजे फक्त तीस वर्षं. २०१९ च्या पशुगणनेत भारतातले सगळे पाळीव पक्षी मोजले गेले. गावठी, बॉयलर, अंड्यांच्या फार्मवरच्या कोंबड्या, बदकंसुद्धा, सगळे मिळून ८५ कोटी १८ लाख भरले. म्हणजे तीस वर्षांपूर्वी एकट्या पिल्लाला जितके पूर्वज हवेत, तितके पक्षी २०१९ सालीही अख्ख्या देशात नव्हते.

अर्थ उघड आहे. त्या एकशे सात कोटी जागांवर तेच ते पक्षी पुन्हा पुन्हा बसलेले असणार. प्रत्येक जीवाच्या वंशावळीत असं होतं, माणसाच्याही. प्रश्न एवढाच की किती वेगळे पक्षी, आणि किती वेळा.

समजा तीस वर्षांपूर्वी कुणी एक कोंबडा आणि दहा कोंबड्या आणल्या, आणि त्यानंतर बाहेरचा एकही पक्षी कळपात घेतला नाही. वंशावळीतल्या निम्म्या जागा नरांच्या असतात, कारण प्रत्येक जोडीत एक नर. एकशे सात कोटींच्या निम्म्या जागा म्हणजे ५३,६८,७०,९१२. आणि सुरुवातीला नर एकच होता. म्हणजे आजच्या पिल्लाच्या वंशावळीत त्या एका कोंबड्याचं नाव त्रेपन्न कोटी अडुसष्ट लाख सत्तर हजार नऊशे बारा वेळा लिहावं लागेल. नरांच्या रकान्यात दुसरं नाव लिहायला जागाच नाही.

हा हिशेब मी मांडला तो कडकनाथ या कोंबडीच्या जातीसाठी. भोपाळहून इंदूरमार्गे पश्चिमेला साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास गेलं की झाबुआ लागतं. झाबुआ, त्यातून २००८ साली वेगळा झालेला अलीराजपूर आणि शेजारचा धार हा या पक्ष्याचा मुलूख. भिल्ल आणि भिलाला समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तो परसात सांभाळला. त्याला तिकडे कालीमासी म्हणतात, काळ्या मांसाची. पिसं, कातडी, तुरा, जीभ काळसर, हाडांवरचं आवरण काळं, आतले अवयवही काळपट. अंडं मात्र फिकट बदामी. कोंबडा दीड किलोच्या आसपास, कोंबडी एक किलोची. वर्षाला शंभराच्या आतबाहेर अंडी. ती खुडूक बसत नाही, किंवा बसली तरी टिकत नाही, म्हणून तिची अंडी गावठी कोंबडीखाली उबवायला ठेवायची पद्धत आहे. काळ्या पिल्लांची आई तांबडी किंवा कबरी दिसते ती त्यामुळे.

हा पक्षी संपत चालल्याचं ध्यानात आल्यावर १९७८ साली झाबुआत सरकारी कडकनाथ प्रक्षेत्र उभं राहिलं. पुढे झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राने अंडी उबवणी केंद्र चालवलं. २०१८ साली ‘झाबुआ कडकनाथ’ला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर देशभर मागणी उसळली. महेंद्रसिंह धोनीने रांचीच्या शेतासाठी दोन हजार पिल्लांची मागणी नोंदवली तेव्हा ती मराठी वर्तमानपत्रांतही बातमी झाली. आपल्याकडे मात्र हे नाव दुसऱ्या कारणानेही घराघरांत पोचलं. २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूर भागातून कडकनाथ पालनाचा घोटाळा उघड झाला आणि हजारो शेतकरी पोळले. त्या प्रकरणात पैशांची चर्चा पुष्कळ झाली. ती पिल्लं कुठल्या कळपातली, त्यांचे बाप किती, हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबांना अनुदानावर कडकनाथाची पिल्लं देण्याची योजना आहे. अठ्ठावीस दिवसांची चाळीस पिल्लं. त्या वयात नर-मादी ओळखून वेगळे करत नाहीत, म्हणून अंदाजे निम्मे नर निघतात. सगळी जगली असं मानू. वीस कोंबडे, वीस कोंबड्या. आता कुठलंही शहाणं घर काय करील? कोंबडा अंडी देत नाही, दाणे मात्र जास्त खातो, आणि झुंजतोही. आणि पैसे कोंबड्याचेच जास्त येतात. म्हणून कोंबडे विकले जातात, पाहुण्याला कापले जातात, देवाला वाहिले जातात. शेवटी उरतो एक. वीस कोंबड्यांना एक कोंबडा कसाबसा पुरतो, बरीचशी अंडी फळतात, आणि डोळ्यांना कळप भरलेला दिसतो.

इथे डोळे फसतात.

सिवॉल राइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने अमेरिकेच्या शेतीखात्यात गिनीपिगांच्या सख्ख्या संकराचा कित्येक वर्षं अभ्यास केला होता. १९३१ साली त्याने एक सूत्र मांडलं. कळपातले नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले नर अधिक माद्या. उत्तर येतं ते कळपाची खरी संख्या सांगतं. म्हणजे वारशाच्या दृष्टीने तो कळप किती पक्ष्यांसारखा वागतो ते. वीस कोंबडे आणि वीस कोंबड्या घाला: चाळीस. दिसतात तितकेच. आता एक कोंबडा आणि वीस कोंबड्या घाला: ऐंशी भागिले एकवीस, ३.८. खुराड्यात एकवीस पक्षी आहेत, पण वारशाच्या वहीत ते चारही भरत नाहीत.

कोंबड्या वाढवून बघा. एक कोंबडा, शंभर कोंबड्या: ३.९६. एक कोंबडा, हजार कोंबड्या: ३.९९६. २०१९ च्या गणनेत देशात परसातले पक्षी ३१ कोटी ७० लाख भरले. ते सगळे माद्या आहेत असं समजा आणि त्यांना एकच कोंबडा द्या. उत्तर तरीही चार होत नाही, कधीच होणार नाही. कारण साधं आहे. प्रत्येक पिल्लाला निम्मा वारसा बापाकडून मिळतो. बाप एकच असेल तर पुढच्या सबंध पिढीचा अर्धा वारसा त्या एकाच्या अंगातून जातो, मागे कोंबड्या कितीही असोत.

आता उलट करा. वीस कोंबड्या तशाच ठेवा आणि कोंबडे एकाऐवजी पाच ठेवा. चारशे भागिले पंचवीस, बरोबर सोळा. चार जादा कोंबड्यांनी ३.८ चे १६ केले. तेच चार कोंबडे विकून वीस जादा कोंबड्या आणल्या असत्या तर आकडा ३.८ वरून ३.९ वर गेला असता. मी हा हिशेब तीन वेळा करून पाहिला, इतका तो मनाला पटत नव्हता.

या खऱ्या संख्येवरून नुकसान काढता येतं. दर पिढीला कळपातली विविधता एक भागिले खऱ्या संख्येच्या दुप्पट, इतकी घटते. एक कोंबडा आणि दहा कोंबड्यांच्या कळपात पहिल्याच वर्षी पावणेचौदा टक्के जाते. दुसऱ्या वर्षाअखेर उरते ७४ टक्के, तिसऱ्या ६४, चौथ्या ५५, पाचव्या ४८. पाच वर्षांत निम्म्याहून जास्त विविधता संपते, आणि दहा वर्षांनी पावभरही राहत नाही. दहा कोंबडे आणि शंभर कोंबड्या ठेवल्या, म्हणजे प्रमाण तेच पण कळप दसपट, तर दहा वर्षांनीही ८७ टक्के शिल्लक असते.

या सगळ्यात एक आकडा धीर देणारा आहे, आणि लहान कळपाने सुरुवात करणाऱ्याने तो मनात धरून ठेवावा. एकमेकांशी नातं नसलेले दहा पक्षी निवडून आणले तर मूळ समूहातली ९५ टक्के विविधता त्या दहांच्या अंगात असते. पंचवीस आणले तर ९८ टक्के. लहान सुरुवातीने फारसं बिघडत नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं लहानच राहण्याने आणि एकाच कोंबड्यावर भागवण्याने बिघडतं. या बाबतीत कोंबडी भाग्यवान आहे. भोपाळजवळच्या केरव्यात गिधाडांचं संवर्धन-प्रजनन केंद्र आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, आणि तिची पिल्लं वयात यायला काही वर्षं जातात. तिथल्या माणसांना घाई करताच येत नाही. कोंबडीच्या शंभर अंड्यांतली वीस जरी तगली तरी दहा कोंबड्यांचा कळप एका वर्षात दोनशे पक्ष्यांचा होतो. लहानपणातून इतक्या झपाट्याने बाहेर पडण्याची सोय फार थोड्या पाळीव प्राण्यांना आहे.

पण ९५ टक्क्यांच्या आकड्यातही एक फट आहे. तो सरासरीचा आकडा आहे. नेहमी दिसणारे गुण त्यात सुरक्षित असतात. क्वचित दिसणारे नसतात. समजा एखाद्या जनुकाचं एक रूप मूळ समूहात शंभरात एक या प्रमाणात आहे. अकरा पक्षी आणले तर ते रूप आपल्या कळपात येणारच नाही अशी शक्यता ८० टक्के. चाळीस पक्षी आणले तरी ४५ टक्के. ते हुकण्याची शक्यता पाच टक्क्यांखाली आणायची तर दीडशे पक्षी लागतात. आणि रोगाला तोंड देणारं एखादं रूप नेमकं असं क्वचितच असू शकतं.

कोंबडीची गुणसूत्रं ३९ जोड्या, माणसाची २३. त्यांवरचा मजकूर सुमारे १०५ कोटी अक्षरांचा. छापील पानावर दोन हजार अक्षरं बसतात असं धरलं आणि अडीचशे पानांचा दिवाळी अंक घेतला, तर एका कोंबडीचा मजकूर छापायला २,१०० दिवाळी अंक लागतील. २००४ च्या डिसेंबरात हा मजकूर पहिल्यांदा जवळजवळ संपूर्ण वाचून प्रसिद्ध झाला. तो तांबड्या रानकोंबडीच्या जातीतल्या एका मादीचा होता. त्याच वेळी बॉयलर, अंड्यांची कोंबडी आणि चीनची रेशमी पिसांची सिल्की यांचा मजकूर तिच्याशी ताडून पाहिला आणि अठ्ठावीस लाख ठिकाणी अक्षरं वेगळी सापडली. ताडून पाहिलेल्या मजकुरात दर हजार अक्षरांत साधारण पाच. म्हणजे आपल्या दिवाळी अंकाच्या प्रत्येक पानावर दहा अक्षरांचा फरक. विविधता म्हणतात ती हीच. ती हरवते तेव्हा पानं तितकीच राहतात, अक्षरंही तितकीच. फक्त एकवीसशे अंकांच्या, आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती हळूहळू शब्दशः सारख्या होत जातात, आणि एका प्रतीत चूक असली तर दुसरीत बघून सुधारायची सोय राहत नाही.

कुणी म्हणेल, एका जोडीतूनही सगळी पिल्लं वेगवेगळीच निघतात की. निघतात खरी. बापाकडून ३९ जोड्यांतलं एकेक गुणसूत्र येतं, आईकडूनही तसंच. दोघांची वाटणी मिळून दोनाचा अठ्ठ्याहत्तरावा घात, म्हणजे तीनावर तेवीस शून्यं इतकी वेगवेगळी पिल्लं एका जोडीतून होऊ शकतात. गुणसूत्रांची आपसातली तुकड्यांची अदलाबदल यात धरलेलीच नाही. कडकनाथाचं एक दिवसाचं पिल्लू तीसेक ग्रॅमचं असतं. ही सगळी पिल्लं तराजूत घातली तर त्यांचं वजन चंद्राच्या वजनाचा आठवा हिस्सा भरेल. आणि चंद्राच्या आठव्या हिश्श्याएवढ्या त्या ढिगात कुठल्याही एका जनुकाची रूपं शोधायला गेलात तर जास्तीत जास्त चार सापडतील. दोन बापाची, दोन आईची. पाचवं रूप तिथे नसेलच. पत्ते कितीही पिसले तरी जोडात नसलेलं पान हाती येत नाही. निसर्ग नवी अक्षरं घडवतो, पण एका पिल्लामागे मोजकीच. पाच वर्षांत घालवलेलं भरून यायला पिढ्यांचा हिशेब लाखांत करावा लागतो.

भोपाळच्या भौंरी भागात भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, म्हणजे आयसर, आहे. तिथल्या सागर शरद शिंदे, आशुतोष शर्मा आणि नागार्जुन विजय यांनी २०२३ साली कडकनाथाच्या काळेपणावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. काळेपणाचं मूळ विसाव्या गुणसूत्रावर आहे. तिथले दोन तुकडे कधी काळी दुप्पट झाले आणि त्यांची मांडणीही उलटसुलट झाली. रंगपेशी वाढवणारं एक जनुक त्यातल्या एका तुकड्यात आहे. ते दुप्पट झालं आणि काळा रंग हाडांपर्यंत उतरला. थक्क करणारी गोष्ट पुढची. चीनची सिल्की, इंडोनेशियाची आयाम चेमानी आणि आपला झाबुआचा कडकनाथ, तिघांतही मांडणीची हीच गडबड, त्याच क्रमाने आहे. म्हणजे ती एकदाच, कुठल्यातरी एका पक्ष्यात घडली आणि तिथून आशियाभर पसरली.

पाळणाऱ्याने यातून एक गोष्ट घ्यायची. काळा रंग हा प्रबळ गुण आहे. आईबापांपैकी एकाकडून आला तरी पिल्लू बरंचसं काळं निघू शकतं. म्हणून काळं पिल्लू म्हणजे शुद्ध कडकनाथ, हे खरं नाही. आणि उलट बाजूने, कळपातली सगळी पिल्लं काळीकुळकुळीत आहेत म्हणून त्या कळपाचं ठीक चाललं आहे, हेही खरं नाही. रंगाच्या त्या दोन तुकड्यांपलीकडे मजकुराचे जवळजवळ सगळे अंक शिल्लक राहतात, आणि रंगावरून त्यांतलं काहीच वाचता येत नाही. कडकनाथातच काळा, पेन्सिलसारख्या रेघांचा आणि सोनेरी झाक असलेला असे तीन प्रकार आहेत. बाजार फक्त गडद काळा मागतो. उरलेले दोन त्यामुळे मागे पडतात, आणि त्यांच्यासोबत त्यांचा वारसाही.

भोपाळमध्येच आणखी एक संस्था आहे, आणि तिच्याशी आपला, महाराष्ट्राचा, जुना आणि दुःखद संबंध आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या पटापट मरू लागल्या. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला निदान जाहीर झालं. बर्ड फ्लू. भारतातली ती पहिली नोंद. त्यानंतर नवापूरचे फार्म रिकामे करण्यात आले, पक्षी मारून खड्ड्यांत पुरण्यात आले. नर्मदेच्या अलीकडे नंदुरबार आणि पलीकडे अलीराजपूर. नदीच्या दोन्ही काठांवर भिल्लांचीच वस्ती आणि तशीच परसातली खुराडी. २०२१ च्या जानेवारीत तोच रोग झाबुआत कडकनाथाच्या एका फार्मवर पोचला, तेव्हाही नमुने भोपाळलाच तपासले गेले. सध्याच्या नियमांनुसार रोग सापडलेल्या जागेपासून एक किलोमीटरपर्यंतचे सगळे पाळीव पक्षी मारावे लागतात. नियम बरोबर आहे. पण एखाद्या जातीचे सगळे चांगले कोंबडे एकाच आवारात असतील तर तो एक किलोमीटर त्या जातीचा शेवट ठरू शकतो. म्हणून कळप पाच-सहा गावांत विखुरलेला असणं ही मला चैन वाटत नाही. तो विमा आहे.

विविधता घटल्याचं पहिलं लक्षण रोगात दिसतंच असं नाही. ते अंड्यात दिसतं. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात प्रेअरी चिकन हा कोंबडीच्या गोतावळ्यातला रानपक्षी आहे. १९६२ साली एका भागात ते दोन हजारांच्या घरात होते, १९९४ पर्यंत पन्नासाच्या खाली आले. संशोधक पस्तीस वर्षं घरटी मोजत होते. जागा राखीव होती, गवत चांगलं होतं, तरी अंडी फुटण्याचं प्रमाण खाली खाली जात राहिलं. मग १९९२ पासून मिनेसोटा, कॅन्सस आणि नेब्रास्का या राज्यांतून पक्षी आणून सोडले, आणि अंडी पुन्हा पूर्वीसारखी फुटू लागली. आपल्याकडेही म्हाताऱ्या बायका हे वेगळ्या शब्दांत सांगतात. कोंबडीखालची अंडी वांझ निघू लागली की शेजारगावचा कोंबडा आणा. झाबुआच्या आठवडी हाटात कोंबडा या गावाहून त्या गावाला जातो, तेव्हा हेच काम नकळत होत असतं. दर पिढीला बाहेरचा एखादा पक्षी जरी कळपात आला आणि त्याची पिल्लं जगली, तरी दोन कळपांतलं अंतर फार वाढत नाही, असं शास्त्रही सांगतं.

औद्योगिक कोंबडीचं चित्र यापेक्षा वाईट आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं की मूळ जातींतली निम्मी किंवा त्याहून जास्त विविधता व्यावसायिक जातींत उरलेली नाही. जगात वर्षाला सत्तर अब्जांवर कोंबड्या मांसासाठी कापल्या जातात. संख्या पाहिली तर हा पृथ्वीवरचा सगळ्यात सुरक्षित पक्षी वाटेल. पण त्या अब्जावधींचे आजे-पणजे मोजक्या कंपन्यांच्या मोजक्या कळपांत आहेत. जे तिथून गेलं ते उरलं असेल तर कडकनाथ, असील आणि नाव नसलेल्या हजारो गावठी कोंबड्यांत.

मग वीस-पंचवीस पक्षी परवडणाऱ्या माणसाने करायचं काय? पहिला उपाय फुकटचा आहे, फक्त वही लागते. समजा पाच कोंबडे आणि पंचवीस कोंबड्या आहेत. पुढच्या पिढीसाठी सगळ्यात धिप्पाड पिल्लं निवडली तर ती बहुधा एकाच बापाची निघतात. त्याऐवजी प्रत्येक कोंबड्यामागे त्याचा एक मुलगा आणि प्रत्येक कोंबडीमागे तिची एक मुलगी ठेवायची. कळपातले पक्षी तितकेच, दाणे तितकेच. पण खरी संख्या जी १६.७ होती ती थेट २५ होते. दीडपट, एक रुपया जास्त न घालता. यासाठी कुठलं अंडं कुणाचं हे माहीत हवं, म्हणजे काही दिवस कोंबड्या डालग्याखाली वेगळ्या ठेवाव्या लागतात. कष्ट आहेत, पण ते वर्षातले थोडेच दिवस.

दुसरा उपाय मराठी माणसाला समजावून सांगावा लागणार नाही, कारण तो आपल्या देवकासारखा आहे. एकाच देवकाच्या घरांत सोयरीक होत नाही. कळपाचे तीन भाग करा आणि पायांत तीन रंगांची कडी घाला, तांबडी, पिवळी, निळी. पिल्लाला कडं आईच्या रंगाचं. आपल्याकडे देवक बापाकडून येतं, इथे आईकडून, एवढाच फरक. दरवर्षी तांबड्या घरचे कोंबडे पिवळ्या कोंबड्यांत सोडायचे, पिवळ्यांचे निळ्यांत, निळ्यांचे तांबड्यांत. आपल्याच घरात कोंबडा कधी ठेवायचा नाही. सख्ख्या बहीण-भावांचा संकर एकदा झाला तरी पिल्लाच्या पाव जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. सलग दहा पिढ्या तसंच चाललं तर हा आकडा ८९ टक्क्यांच्या आसपास जातो. तीन रंगांची कडी हे टाळतात. ती मिळाली नाहीत तर रंगीत लोकरीचा धागाही चालतो, फक्त पाय जाड होतो तसा तो बदलत राहायचा.

कडकनाथ तुम्ही पाळणार असाल, किंवा घरी पूर्वापार चालत आलेली गावठी जात असेल, तर माझी विनंती आहे. पिल्लं एकाच ठिकाणाहून चाळीस आणू नका. चार ठिकाणांहून दहा-दहा आणा, आणि त्या चार ठिकाणांचे बाप वेगळे आहेत का ते विचारा. दिवाळीला किंवा जत्रेला कोंबडे विकाल तेव्हा पाच मागे ठेवा. ते कुणाकडून आले, कुठल्या गावचे, कधी आले, हे तारखेसह एका वहीत लिहा, आणि ती वही खुराड्याजवळच टांगून ठेवा.